हाडाचा पापुद्रा

आमच्या गल्लीतल्या गिरणीसमोर दिवाळीच्या आधी आठ दिवस डब्यांची रांग लागते. प्रत्येक डब्यात चिठ्ठी, आणि प्रत्येक बाईची ताकीद, “बाजरीवर माझी भाजणी घालू नका हो!” घरोघरची जाती माळ्यावर गेली ती या एका गिरणीच्या जिवावर. माझी भाची अमेरिकेतल्या एका विद्यापीठात नोकरी करते तीही अशाच गिरणीत. फरक एवढाच, की तिच्याकडे दळणाऐवजी हाडं आणि स्नायू येतात.

हसू नका. विद्यापीठात एक प्राध्यापक ठिसूळ हाडांचा अभ्यास करतो, दुसरा मोडलेलं हाड कसं सांधतं ते पाहतो, तिसरा म्हातारपणी दंडातलं बळ कुठं जातं त्याच्या मागे लागलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला पातळ काप सगळ्यांनाच हवेत. पण त्यासाठी लागणारी यंत्रं आणि ती चालवणारा जाणता माणूस प्रत्येकाला कुठून परवडणार? म्हणून सर्वांत मिळून एकच प्रयोगशाळा. आपापला नमुना आणावा, चिठ्ठी लावावी, काचेमागे ठरलेले पैसे द्यावेत. हाडं, सांधे, स्नायू आणि त्वचा यांच्या रोगांसाठी तिथं 1986 साली सरकारी संस्था निघाली. तीही अशा सामाईक केंद्रांना अनुदान देत आली आहे.

“पण मामा, गिरणीत पट्टा सुरू केला की झालं. इथं हाड ऐकत नाही,” भाची म्हणते.

हाड कापायचं तर आधी त्यातला चुना काढावा लागतो. आम्लात तो लवकर निघतो, पण पेशींची खराबी होते. सौम्य द्रावणात ठेवलं तर उंदराच्या एवढ्याशा हाडालासुद्धा दोन-तीन आठवडे लागतात. मग ते मेणात बसवायचं आणि एका मिलिमीटरचे 200 काप होतील इतका पातळ पापुद्रा काढायचा. तो कोमट पाण्यावर तरंगत ठेवून काचेवर अलगद उचलायचा. आमच्या सौभाग्यवतींना करंजीच्या साट्याचा अभिमान आहे. हे ऐकून त्या गप्प बसल्या!

आणि चुनाच पाहायचा असेल तर? मग कवळी ज्या जातीच्या प्लास्टिकची असते, त्यातच हाड घट्ट बसवतात आणि टंगस्टन कार्बाइडच्या पात्यानं कापतात. रोग्याला काही दिवसांच्या अंतरानं दोनदा टेट्रासायक्लिन दिलेलं असेल, तर अतिनील प्रकाशात कापावर दोन पिवळ्या रेघा चमकतात. हे औषध नव्यानं चुना बसत असलेल्या जागी जाऊन चिकटतं. दोन रेघांतलं अंतर मोजलं, दिवसांनी भागलं, की हाड रोज किती वाढतं ते कळलं. हाडाला स्वतःची रोजनिशी लिहायला लावण्याची ही युक्ती मला फार आवडली.

स्नायूची तऱ्हा उलटी. त्याला घाई लागते. फॉर्मॅलिनमध्ये टाकला, की त्यातल्या विकरांच्या तपासण्या गेल्याच. तो गोठवावा लागतो, पण थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवूनही चालत नाही. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब वाफेच्या गादीवर नाचतो ना, तशी वायूची गादी तुकड्याभोवती तयार होते आणि गोठणं रेंगाळतं. मग आत बर्फाचे स्फटिक धरतात आणि स्नायूला अनारशासारखी जाळी पडते. म्हणून नायट्रोजननं गार केलेल्या आयसोपेंटेनमध्ये तो बुडवतात.

हे सारं हाताचं काम आहे. आपल्याकडे यंत्र आधी येतं, उद्घाटन होतं, हात मागून शोधतात, हे माझं जुनं गाऱ्हाणं.

माझ्या माहितीतला एक मुलगा सातव्या वर्षापासून जिन्यात अडखळू लागला. स्नायूंच्या तंतूंना भोवतीनं आधार देणारं डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन 1987 साली ओळखलं गेलं. ड्युशेनच्या रोगात ते जवळजवळ नसतंच. बेकरच्या प्रकारात कमी किंवा सदोष असतं, आणि तो प्रकार बराच सौम्य. हल्ली बहुतेकदा रक्तातल्या जनुकांवरूनच निदान होतं. याच्या रक्तावरून स्पष्ट उत्तर मिळेना, म्हणून मांडीचा तुकडा काढला. एका रुग्णालयात कोणीतरी तो सवयीनं फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला. हव्या त्या तपासण्या होईनात. पोराला पुन्हा टेबलावर निजवायचं, हे त्याच्या आईला सांगायला कोणी पुढं होईना.

दुसरा तुकडा मात्र अनेक रुग्णालयांचे नमुने जिथं जातात अशा केंद्रात गोठवला गेला. अहवालाला काही दिवस लागले. तेवढ्या दिवसांत त्या माउलीनं घरातला एकही जिना मुलाला चढू दिला नाही.

तंतूंच्या कडेनं रेघ होती. पुसट, मध्येमध्ये तुटलेली, पण होती. डॉक्टरांनी बेकरचं नाव घेतलं. मुलगा आता नववीत आहे. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तो कठडा धरून जातो.