कोरा धनादेश आणि १८७९चा जुना प्रश्न

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. हाती लागताच त्या जाळल्या गेल्या. रोख्यावर नांगराची निशाणी असली की दिवाणी न्यायालय रोख्यातील आकडा खरा धरी. कुळ पुष्कळदा हजरच नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होई.

चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी होता. अर्थात मावळातील कान्हे गावालाही लागू. रक्कम वादग्रस्त असेल तर न्यायाधीशाने दोन्ही पक्षांना तपासावे आणि व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास पाहावा, असे बंधन त्याने घातले.

दोनच वर्षांनी, १८८१ मध्ये, परक्राम्य संलेख अधिनियम झाला. त्याचे गृहीतक उलट्या दिशेचे: संलेख आहे, म्हणजे मोबदला दिलेला आहे. पेढ्यांच्या व्यवहाराला हे आवश्यकच होते. १ एप्रिल १९८९ पासून त्यात कलम १३८ आणि १३९ आले. धनादेश न वटणे गुन्हा ठरला आणि तो देणे फेडण्यासाठीच दिला होता, असे न्यायालय मानू लागले.

आता कल्पना करावी: कान्हे येथील एका शेतकऱ्याने पन्नास हजार हातउसने घेतले आणि तारण म्हणून सही केलेला कोरा धनादेश दिला. पैसे रोखीने फेडले, पावती नाही. धनादेशावर पाच लाख लिहिले गेले. २०१९च्या बीर सिंग निकालानुसार मजकूर दुसऱ्याने भरला, तरी गृहीतक टळत नाही. मात्र २०१०च्या रंगप्पा निकालानुसार आरोपीला निर्विवाद पुरावा द्यावा लागत नाही. बचाव संभाव्य वाटला तरी पुरे, आणि तो फिर्यादीच्याच साक्षीतून उभा राहू शकतो. एवढी रक्कम देण्याची फिर्यादीची ऐपत होती का, हा प्रश्न त्यामुळेच निर्णायक ठरतो.

गृहीतक रद्द करावे, ही मागणी अविचाराची आहे. माल देऊन बसलेल्या लहान दुकानदाराचा तोच आधार. परंतु खासगी उसनवारीत, तारणाचा बचाव पुढे येताच, न्यायदंडाधिकाऱ्याने १८७९चा प्रश्न विचारलाच पाहिजे: मुद्दल किती, केव्हा दिले, परत काय आले? त्यासाठी नवा कायदा नको. साक्षीदाराला स्वतः प्रश्न विचारण्याचा अधिकार न्यायालयाला आहेच.

जुना कायदाही निर्दोष नव्हता. सावकार गहाणाऐवजी खरेदीखतेच लिहून घेऊ लागले. मात्र त्याच कायद्याने परतफेडीची लेखी पावती मिळण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला होता. वरच्या उदाहरणातील शेतकऱ्याकडे नेमकी तीच नाही.