यंत्र पोहोचले, मिस्त्री कोठे आहे?

ग्रामीण विभागासाठी कुशल मनुष्यबळाची योजना आखावयाची म्हटली की प्रथम कागदावर येतात ते आकडे. तरुण किती, त्यांत शिकलेले किती, प्रशिक्षणाच्या जागा किती. वाचकहो, हे आकडे हवेतच. परंतु त्यांच्याही आधी विचारावयाचा एक प्रश्न बहुधा राहून जातो. ह्या मुलखात रोजच्या गरजेची कोणती यंत्रे बिघडतात, आणि ती बिघडली म्हणजे दुरुस्त करणारा माणूस किती लांबून यावा लागतो? हातपंपाच्या इतिहासावरून ह्या प्रश्नाचे महत्त्व चांगले ध्यानी येते.

१९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळानंतर देशाच्या खडकाळ भागांत यंत्राने विंधन विहिरी घेण्याच्या कामास वेग आला. त्यांवर बसविलेले पंप बिडाचे होते. पाश्चात्त्य देशांत एका शेतकरी कुटुंबाने आपल्या अंगणात वापरावेत अशी त्यांची घडण. येथे त्यांवर पहाटेपासून रात्रीपर्यंत सारे गाव पाणी भरू लागले, आणि पंप मोडू लागले. जालना व सोलापूर येथे ख्रिस्ती मिशनच्या पाणीपुरवठ्याच्या कामांतून अधिक टिकाऊ असे पोलादी पंप घडले होते. त्यांपैकी सोलापूरच्या पंपाचा आधार घेऊन, युनिसेफच्या साहाय्याने, १९७० नंतरच्या दशकात ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध झाला. आपणांपैकी अनेकांनी त्याचा दांडा लहानपणी मारला असेल.

पंप भक्कम होता, पण त्याचा दट्ट्या जमिनीखाली खोल बसलेला. दट्ट्यावरील चामड्याचा वॉशर झिजला की पाणी येणे थांबे. वॉशर तळहाताएवढाही नसतो. परंतु तो बदलण्यासाठी सारे पाइप वर ओढावे लागत. तीस मीटर खोलीवर तीन-तीन मीटरचे दहा पाइप होतात. ते एकेक वर उचलून धरावयाचे, आटे सोडवावयाचे, पुन्हा जोडून खाली सोडावयाचे. ह्याला गाडी, अवजारे व चारपाच माणसे लागत.

म्हणून दुरुस्तीची त्रिस्तरीय व्यवस्था ठरली. गावात एक राखणदार. त्याने बोल्ट आवळावेत, वंगण घालावे आणि पंप बंद पडताच पोस्टकार्ड टाकावे. विकास गटाच्या ठिकाणी एक कारागीर, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी गाडी व पथक. कागदावर ही रचना नीटनेटकी दिसते. प्रत्यक्षात खरे कसब सर्वांत दूरच्या पायरीवर जाऊन बसले आणि गावाच्या वाट्याला पोस्टकार्ड आले. पथक येईपर्यंत डोक्यावर हंडा घेऊन जुन्या विहिरीची वाट कोणी तुडवावयाची, हे सांगावयास नकोच.

राजस्थानात अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे १९७२ साली स्थापन झालेल्या संस्थेने हा क्रम उलटा केला. गावातीलच तरुण निवडावा, त्याला पंपाचे काम शिकवावे, आसपासच्या ठराविक पंपांचा भार त्याच्यावर सोपवावा व पंपामागे मेहनताना द्यावा. ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे शिक्षण देणारी केंद्रीय योजना १९७९ मध्ये सुरू झाली. तिच्या आधाराने राजस्थान सरकारने असे ‘हातपंप मिस्त्री’ तयार केले. पदविकाधारकाचे काम अर्धवट शिकलेल्या मुलाला जमेल काय, अशी शंका अभियंत्यांनी घेतली. शंका अगदीच निराधार नव्हती. पण दूरचा जाणता आणि जवळचा शिकाऊ ह्यांत तहानलेल्या गावाने कोणाची वाट पाहावी?

ह्याहून पुढचे पाऊल उत्तर प्रदेशातील तत्कालीन बांदा जिल्ह्यात पडले. १९९० च्या सुमारास ‘महिला समाख्या’ ह्या शासकीय कार्यक्रमातून तेथील स्त्रियांनी हातपंप-दुरुस्ती शिकून घेतली. त्यांत दलित व कोल समाजातील, अक्षरओळख नसलेल्या स्त्रिया पुष्कळ होत्या. ज्या पंपाला हात लावण्यावरून कोणी त्यांना अडविले असते, तोच पंप आता त्या खोलून पुन्हा उभा करू लागल्या. काम हाती आले तशी सुट्या भागांची नोंद ठेवण्याची गरज पडली, आणि अक्षरे शिकण्याची मागणी त्यांनी स्वतःच केली. साक्षरतेच्या वर्गांत माणसे बसत नाहीत अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. येथे पान्याने पाटीची वाट दाखविली.

पुढे यंत्रानेही थोडे नमते घेतले. ‘मार्क तीन’ पंपाचा पाइप इतका रुंद केला की दट्ट्या त्यातूनच वर काढता यावा. कोण दुरुस्त करणार हे आधी ठरले तर यंत्राचा आराखडाही बदलतो, ही बाब योजनाकारांच्या टिपणांत क्वचितच आढळते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे मोल ह्यामुळे कमी होत नाही. १९५० पासूनच्या कारागीर प्रशिक्षण योजनेने देशाला लाखो फिटर व वीजतंत्री दिले. मात्र त्यांतील अनेकांना काम शहरात मिळते, आणि मुलगा तेथे गेला तर त्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. गावात त्याच्या कसबाला कोणी नियमित दाम देत नसेल तर त्याने राहावे तरी कशासाठी? तिलोनियाच्या योजनेत शिक्षणाइतकाच महत्त्वाचा होता तो पंपामागचा मेहनताना.

हातपंपांचे दिवस पुष्कळ ठिकाणी सरले. २०१९ पासून जल जीवन मिशनने घरोघर नळ नेण्याचे काम हाती घेतले. त्याखाली गावोगावच्या स्त्रियांना पाणी-तपासणी शिकविण्यात आली, आणि नळयोजनेची सर्व कामे जाणणारे ‘नल जल मित्र’ तयार करण्याचा कार्यक्रमही निघाला. त्याच वर्षी सुरू झालेल्या कुसुम योजनेतून शेतांवर सौरपंप येऊ लागले. सौरपंपाची देखभाल पाच वर्षे पुरवठादाराकडे असते. आपल्या शिवारात असा पंप असेल तर सहाव्या वर्षी तो कोण उघडणार, हे आजच विचारून ठेवा. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा ग्रामसभेपुढे येईल तेव्हा त्यात टाक्या, रस्ते व दिवे असतीलच. त्यांच्याजवळ दोन-चार नावांसाठी रकाना मागा. कोणी शिकावयास जावयाचे, किती दिवस, तितक्या दिवसांत घरचे कोण पाहील, आणि परतल्यावर त्यांना पैसे कोणत्या खात्यातून मिळतील. नावे लिहिताना सुनांची व लेकींचीही विचारात घ्यावीत. पंप बंद पडल्याची वार्ता सर्वांआधी त्यांनाच कळते.