सूट गरिबांची, मिळकत कोणाची?

अमेरिकेच्या सरकारनें १९९२ सालीं '३४०-बी' नांवाचा एक चांगला कायदा केला. ज्या इस्पितळांत गोरगरीब फार येतात, त्यांना बाह्यरोग्यांचीं औषधें कारखानदारांनीं कमी दरानें दिलींच पाहिजेत. न देतील तर मेडिकेड या गरिबांच्या सरकारी योजनेंत त्यांच्या मालाला जागा नाहीं. इथवर ठीक. पण मिळालेली सूट रोग्याच्या पदरांत टाकावी, असें बंधन इस्पितळांवर नाहीं. इस्पितळ स्वस्तांत घेतें, विमा कंपनीकडून पुरे दाम घेतें आणि मधला फरक ठेवतें. त्यांतून कित्येक ठिकाणीं गरिबांची फुकट सेवा होते हें खरें; पण ती झालीच पाहिजे असें कलम कोठें आहे? इकडे २०२० पासून कारखानदारही बाहेरच्या दुकानांतून मिळणारी सूट आखडूं लागले. दोघे भांडतात आणि दोघेही नांव गरिबांचेंच घेतात!

शेतकरी व कारागीर बंधूंनो, पाटाचें पाणी गांवाच्या नांवानें सुटावें आणि वरच्याच मळ्यांत जिरावें, तर शेवटच्या वाफ्यानें काय प्यावें? आमचें म्हणणें एवढेंच कीं, सूट रोग्याच्या पावतीवर दिसली पाहिजे. तोंवर हा कायदा अर्धाच आहे.