हड्डीचा डॉक्टर व्हायचंय? हिशेब आताच मांडा

हाड मोडले की आपल्या मोहल्ल्यात अजूनही पहिली धाव हाडवैद्याकडे असते. त्यांच्यात काही जाणते असतात, नाही असे नाही. पण कोपराजवळचे हाड मोडलेल्या लेकराला पट्टी करकचून बांधली, तर रक्तपुरवठा अडतो, काही तासांत स्नायू मरू लागतात आणि बोटे आकसतात ती कायमचीच. अशा हाताने पेन धरणारे मूल आम्ही वर्गात पाहिले आहे. म्हणून एखादे मूल अस्थिशल्यचिकित्सक व्हायचे म्हणते, तेव्हा आम्हाला बरे वाटते.

मात्र वालिदैननी हिशेब आधी समजून घ्यावा. बारावी विज्ञान. मग नीटचे 720 गुण, त्यातले 360 एकट्या जीवशास्त्राचे. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे. पुन्हा नीट-पीजी आणि एमएस ऑर्थोची तीन वर्षे. सरकारी कॉलेजातून शिकल्यास मध्ये एक वर्ष बंधपत्राची सेवा. सगळे सरळ झाले तरी सत्ताविशी गाठते. हा आकडा ऐकून अम्मी गप्प होतात, मुलगी असेल तर जरा जास्तच. पण सगळी वर्षे खर्चाचीच नसतात. इंटर्नशिपला आणि एमएसच्या काळात विद्यावेतन मिळते, हे घरात कुणी सांगतच नाही.

"ते ताकदीचे, मर्दांचे काम," असेही ऐकतो. ऑपरेशनमध्ये करवत, छिन्नी, हातोडी असते हे खरे. पण ड्रिल यंत्रावर चालते, हाड कुठे बसले ते क्ष-किरणांच्या पडद्यावर दिसते. शिशाचा जड एप्रन घालून तासन्‌तास उभे राहावे लागते, तेवढी तयारी हवी. लग्नघरात देगींजवळ दिवसभर उभ्या राहणाऱ्या आपल्या बायकांना कुणी कमजोर म्हणू नये!

उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी एक गोष्ट. 2018 पासून नीट उर्दूतही देता येते. पण कॉलेजात पाऊल ठेवले की ॲनाटॉमीचे जाडजूड पुस्तक इंग्रजीतच समोर येते. उर्दूतले अजलात, मराठीतले स्नायू आणि इंग्रजीतले मसल्स एकाच वहीत शेजारी शेजारी लिहायची सवय नववीपासून लावा.

सीट नाही मिळाली तर? मुंबईत हाजी अलीजवळच्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत कृत्रिम हातपाय बनवण्याचा पदवी अभ्यासक्रम आहे. जयपूर फूट घडले ते डॉ. सेठींच्या जोडीला रामचंद्र शर्मा नावाचा कारागीर होता म्हणून. कारागिरांच्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

आणि कागदपत्रे. महाराष्ट्रात बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन अशा कितीतरी बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, पण दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. मग प्रवेशाच्या ऐन धामधुमीत धावपळ होते. पुरावा 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा लागतो. तेव्हा या सुट्टीत दादाजानच्या गावी गेलात तर त्यांच्या शाळेत जा आणि जुन्या रजिस्टरमधला त्यांच्या नावाचा उतारा मागून घ्या.