एकट्याची होडी, घरच्यांचा घोर

पूर्वी मराठी माणूस काशीला निघाला की घरची मंडळी वेशीपर्यंत पोचवायला जात. गेलेला परत दिसेलच याची खात्री नसे. सुखरूप आला की मावंदे घालत. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. अनेक संकटांतून वाचून ते काशीला पोचले आणि आई-वडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन पायी घरी आले. मधल्या दोन वर्षांहून अधिक काळात घरच्यांनी काय सोसले असेल?

आता वाराणसीला रेल्वेने एका दिवसात जाता येते. तरी पाण्यावरून लांबचा पल्ला मारण्याची हौस माणसाला आहेच. १९९४ साली बचेंद्री पाल यांच्या नेतृत्वाखाली १८ महिला तीन राफ्टमधून हरिद्वारहून निघाल्या आणि वाराणसीवरून पुढे थेट कोलकात्याला पोचल्या. २,१५५ किलोमीटर, ३९ दिवस! पण त्या एकट्या नव्हत्या आणि नदी गंगा होती. वाराणसीच्या घाटांवर तर भल्या पहाटेही माणसांची वर्दळ असते. हाक मारली तर ओ देणारा कुणीतरी भेटतोच.

आता अशी नदी डोळ्यांसमोर आणा, जिच्या काठी शेकडो किलोमीटर एकही घर नाही. कॅनडाच्या उत्तर भागात अशा नद्या आहेत. तिथे हौशी माणसे ‘कनू’ नावाच्या हलक्या, निमुळत्या होडीतून आठवडेच्या आठवडे एकट्याने हिंडतात. खळाळ आला की सामान आणि होडी खांद्यावर घेऊन काठाने चालायचे. डासांचे थवे, बोचरा वारा, अस्वले हे सोबती. अ‍ॅडम शोल्ट्स २०१७ साली युकॉनमधल्या ओल्ड क्रोहून एकटे निघाले आणि सुमारे चार महिन्यांत जवळजवळ ४,००० किलोमीटर तोडून नुनावुतमधल्या बेकर लेकला पोचले. बराचसा प्रवास होडीतून, काही पायी. मात्र वाटेत विमानाने शिधा पोचवण्याची सोय त्यांनी केलेली होती. म्हणजे वल्हे एकाचे असले तरी मागे काळजी वाहणारी माणसे होतीच.

ती नसली तर काय होते? १९२६ साली जॉन हॉर्नबी हा अनुभवी भटक्या दोन सोबत्यांसह होडीने थेलॉन नदीवर गेला. त्यातला एडगर ख्रिश्चन जेमतेम अठरा वर्षांचा, हॉर्नबीचाच नातलग. कॅरिबू हरणांच्या शिकारीवर हिवाळा काढायचा बेत होता. पण हरणांचे कळप हुकले. १९२७ साली तिघेही उपासमारीने गेले, एडगर सर्वांत शेवटी. जगाला हे कळले १९२८ मध्ये. त्यानंतर वर्षभराने पोलिस तिथे पोचले, तेव्हा विझलेल्या शेगडीत एडगरची डायरी आणि आई-वडिलांना लिहिलेली पत्रे सापडली. मुलाने निरोप जपून ठेवला होता, पण तो न्यायला कुणी नव्हते.

आपली मुले कॅनडात जातील न जातील, सह्याद्रीत आणि हिमालयात तर जातातच. मोबाइल आहे ना, असे आपण म्हणतो. पण दरीत उतरले की रेंज जाते आणि आपल्याकडे परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे हा गुन्हा आहे. अशा वेळी उपयोगी पडतो तो साधा कागद. जाण्याची वाट, मुक्कामाची ठिकाणे, परतण्याची तारीख आणि त्यानंतर किती तास वाट पाहून कुणाला फोन करायचा, एवढे त्यावर लिहून घरी ठेवावे. बेत बदलला तर कळवावे. परत आल्यावर पहिला फोन घरी करावा.

मुलांना अडवू नका. एकट्याने चार दिवस काढलेला माणूस स्वतःला जरा अधिक ओळखू लागतो. फक्त निघताना तो कागद मागून घ्या. आणि सुखरूप परतले की मावंदे घाला!