ओटा सासऱ्याचा, खुर्ची सुनेची

गावात भांडणं कशावरून होतात, असं वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीच्या शिपायाला विचारा. ओटा, न्हाणी, नाली, हेच तो सांगेल. एकाने ओटा दोन फूट पुढे घेतला, दुसऱ्याची बंडी अडली. एका घरची छपरी वाढली, पागोळ्यांचं पाणी शेजारच्या भिंतीत मुरलं. भांडायला दारात उभ्या राहतात त्या बायका, कारण चिखल त्याच तुडवतात, पाणी त्याच भरतात. आणि पारावर बसलेले हसतात, ‘बायकांची भांडणं!’

पण मैत्रिणींनो, ओटा वाढवायचं ठरवलं कोणी? गवंडी कोणी बोलावला? जागा कोणाच्या नावावर? घरांची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी, असं परिपत्रक सरकारने २००३ साली काढलं. आपल्या गावचा नमुना आठ उघडा आणि किती घरांपुढे बाईचं नाव आहे ते स्वतः मोजा. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत विदर्भातल्या शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी करून दिल्या. त्याचं कौतुक आपण आजही करतो. मात्र ती शेताची गोष्ट झाली. घराच्या बाबतीत आपण इतका आग्रह कधी धरलाच नाही.

नाव नाही म्हणून हक्क नाही, हे जुनं रडगाणं झालं. नवं असं की नाव नसलं तरी शिक्षा मात्र आहे.

ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ मध्ये २००६ साली एक पोटकलम घातलं गेलं : सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारी व्यक्ती सदस्य राहू शकत नाही. ऐकायला चोख. पण अतिक्रमण करणारी म्हणजे कोण? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ज्याने मुळात केलं तोच. २०१८ मध्ये जनाबाईंच्या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ते फिरवलं. घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणात जी राहते, त्याचा उपयोग घेते, तीही अपात्र. पंचायतीची जमीन राखायची जबाबदारी असलेल्या सदस्याने तीच जमीन वापरू नये, हा न्यायालयाचा मुद्दा खोटा नाही. पण आपल्याकडे लग्न झालेली बाई राहते कुठे? सासऱ्याने तिच्या लग्नाआधी वीस वर्षं रस्त्यावर पायऱ्या काढल्या असतील, तर त्या पायऱ्यांवरून तिने घरात यायचं नाही का? पायऱ्या पाडायचा अधिकार तिला त्या घरात आहे का? चूल कुठे मांडायची हेसुद्धा जिला कोणी विचारलं नाही, तिला कायदा म्हणतो, तू उपभोग घेतलास.

२०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. त्या मतपेटीतून परत मिळवणं अवघड, म्हणून आता टेप घेऊन मोजणी होते. इतकी वर्षं कोणाला न खुपलेला ओटा बाई सरपंच झाल्यावरच कसा खुपतो? जळगाव जिल्ह्यात पारोळा तालुक्यातल्या विचखेड्याच्या सरपंच मनीषा पानपाटील यांचं प्रकरण पाहा. सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहतात, अशी तक्रार झाली. आपण नवरा-मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असं त्या सांगत राहिल्या. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी तेच उचललं, उच्च न्यायालयातही निभाव लागला नाही. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिलं आणि बाई सरपंच झालेली गावाला सोसवत नाही हे मूळ दुखणं स्पष्ट बोलून दाखवलं. दिल्लीपर्यंत जायला लागणारा पैसा आणि दम किती जणींकडे असतो? आपल्याकडच्या बाईला तर नागपूरला आयुक्तांकडे दोन तारखा करायच्या म्हटल्या तरी मजुरी बुडते.

आणखी एक गंमत. (गंमतच म्हणायची!) सदस्याच्या घरी संडास हवा, हेही त्याच कायद्यात आहे. गावठाणात दाटीने राहणाऱ्याने तो बांधायचा कुठे? बहुधा दारापुढे, नालीच्या कडेला. म्हणजे संडास नाही म्हणून एका पोटकलमाने घरी जा, आणि आहे म्हणून दुसऱ्याने.

आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, अतिक्रमण ते अतिक्रमण, बाईचं म्हणून सोडायचं का? मुळीच सोडू नये. रस्ता सगळ्यांचा आहे. पण अतिक्रमण हटवायला कलम ५३ आहे. पंचायतीने हटवावं, तिने टाळलं तर जिल्हाधिकाऱ्यांनी हटवावं. ते मागायला यांना कोणी अडवलं आहे? तक्रारदाराला रस्ता मोकळा हवा असेल तर तो ५३ चा अर्ज करेल. ज्याला खुर्ची मोकळी हवी तो १४ चा करतो. बाई जाते आणि ओटा तिथेच राहतो.

ज्यांचं अख्खं घरच ई-क्लास जमिनीवर आहे, त्या भूमिहीन, दलित, पारधी बायकांनी निवडून येण्याचं स्वप्नसुद्धा पाहू नये, असा या पोटकलमाचा सरळ अर्थ होतो. ज्या २०१८ मध्ये जनाबाईंचा निकाल आला, त्याच वर्षी सरकारने गावांतली राहती अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय काढला. एका हाताने पट्टा द्यायचा, दुसऱ्या हाताने पद काढायचं.

तेव्हा आपल्या गटांनी दोन कामं अंगावर घ्यावीत. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली गेली, मिळकत पत्रिका निघत आहेत. आपल्या गावची पत्रिका यायच्या आत महिला सभेत ठराव घ्या की प्रत्येक घरावर बाईचंही नाव लागेल. आणि ज्या गावात सरपंचबाईवर १४ चा अर्ज पडला असेल, तिथे त्याच दिवशी तक्रारदाराचं धरून गावातल्या प्रत्येक घराची मोजणी मागा. टेप निघालीच आहे, तर ती एकाच दारापाशी का थांबावी?