टर्बो गाडीचा स्पार्क प्लग अंदाजाने विकू नका



"टर्बो गाडीला सगळ्यात भारी प्लग कुठला?" हा प्रश्न मला रत्नागिरीत दुकानाच्या काउंटरवर कस्टमर विचारतात. पार्ट्सचं दुकान टाकायला निघालेली मुलंही ट्रेनिंगमध्ये हेच विचारतात. दोघांना माझं उत्तर एकच असतं. "सगळ्यात भारी" असा प्लग नसतो, त्या इंजिनाचा प्लग असतो. तो नंबर शोधून देणं हा आपला धंदा आहे. डबी पुढे सरकवून पैसे घेणं कोणालाही जमतं, त्यासाठी तुमची गरज नाही.

या आठवड्याच्या व्हिडिओत प्लगचा गॅप कसा मोजायचा ते दाखवलंय. इथे त्यामागचा विचार लिहितो, कारण प्रश्न फक्त प्लगचा नाही. नवीन दुकानदार पहिल्या वर्षी कशावर टिकतो, याचा आहे.

हा विषय आत्ताच का?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि छोट्या डिझेल गाड्या बाजारातून कमी होत गेल्या. मारुतीने तर डिझेल बंदच केलं. त्या जागी छोटी टर्बो पेट्रोल इंजिनं आली. नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, मॅग्नाइट, कायगर, फ्रॉन्क्स, टायगुन या गाड्या आपल्याकडे रोज दिसतात. यातल्या सुरुवातीच्या गाड्यांची वॉरंटी संपली, की मालक शोरूम सोडून गल्लीतल्या गॅरेजकडे वळतो. गॅरेजवाला पार्ट मागायला तुमच्याकडे येतो. म्हणजे हे गिऱ्हाईक आत्ता तुमच्या दाराशी येतंय.

गणपतीत तर मुंबईचे चाकरमानी गाड्या घेऊन येतात. हातखंब्याला गाडी झटके मारायला लागली, तर त्यांना प्लग त्याच दिवशी हवा असतो. घाईतल्या माणसाला काहीही विकता येतं. तुमची परीक्षा तिथेच आहे.

टर्बोत वेगळं काय?

थोडक्यात सांगतो. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. हवा दाबलेली असली, की प्लगच्या दोन टोकांमधून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून टर्बो इंजिनात गॅप बऱ्याचदा कमी असतो. साध्या पेट्रोल गाडीत गॅप १ ते १.१ मि.मी.च्या आसपास दिसतो, तर टर्बोत अनेकदा ०.७ ते ०.८ मि.मी. हे ढोबळ आकडे आहेत. शेवटचा शब्द त्या गाडीच्या मॅन्युअलचा.

दुसरी गोष्ट उष्णता. जास्त हवा, जास्त इंधन, म्हणजे जास्त ताप. प्लगचं टोक साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं पाहिजे. त्याखाली गेलं तर त्यावरचा कार्बन जळत नाही, साठत जातो. त्यावर गेलं तर टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवतं. मग पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. प्लग ही ताप किती लवकर सोडतो, त्याला हीट रेंज म्हणतात. लवकर सोडणारा तो थंड प्लग, हळू सोडणारा तो गरम.

आता नवीन दुकानदार हमखास फसतो ती जागा. एनजीके आणि डेन्सोच्या कोडमध्ये हीट रेंजचा आकडा वाढला, की प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये उलट, आकडा वाढला की प्लग गरम. "तिकडे सहा नंबर होता, इकडचा पण सहा दे" असं करून चालत नाही. कंपनी बदलताना त्या कंपनीचा तक्ता उघडायचाच.

अंदाज कुठे चुकतो?

मॅग्नाइटचं उदाहरण घ्या. ही गाडी साध्या इंजिनात येते आणि टर्बोतही येते. दोन्ही ९९९ सीसी, दोन्ही तीन सिलिंडर. कस्टमर म्हणतो, "मॅग्नाइट, हजार सीसी." एवढ्यावर तुम्ही प्लग दिलात, तर ते नाणं उडवण्यासारखं आहे.

व्हेन्यू घ्या. १.२ लिटरचं साधं इंजिन चार सिलिंडरचं, एक लिटरचं टर्बो तीन सिलिंडरचं. कस्टमर चार प्लग मागतो, लागणार असतात तीन. चार विकलेत तर एका प्लगचे पैसे जास्त मिळतील. पण गॅरेजवाला एक प्लग परत घेऊन येईल, तेव्हा "यांना गाडीतलं काही कळत नाही" ही गोष्टही सोबत घेऊन येईल.

आणि आपल्याकडचा नेहमीचा प्रसंग: "टर्बो गाडी आहे, प्लग द्या." विचारल्यावर कळतं, गाडी डिझेल आहे! डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. त्याचं काम वेगळं, पार्ट वेगळा. वर टर्बो असून सीएनजीवर चालणारी नेक्सॉन २०२४ मध्ये आली आहे. म्हणजे "टर्बो" या एका शब्दावरून काहीच ठरत नाही.

म्हणून माझ्या काउंटरवर हे पाच प्रश्न ठरलेले आहेत. तुम्हीही कागदावर लिहून चिकटवा:

१. पेट्रोल, डिझेल की सीएनजी?
२. कुठलं मॉडेल, कुठलं वर्ष? आरसीचा फोटो आहे का? (चासी नंबर आणि इंजिन नंबरवरून पार्ट नक्की होतो.)
३. जुने प्लग आणलेत का?
४. गाडी रिमॅप केली आहे का?
५. त्रास काय होतो आणि कधी होतो?

तिसरा प्रश्न सोडू नका. जुन्या प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक चाललंय. काळी कोरडी काजळी असेल तर इंधन जास्त जातंय किंवा प्लग जास्त थंड आहे. पांढरंफटक, फोड आल्यासारखं असेल तर ताप जास्त होतोय. तेलकट ओलं असेल तर इंजिन ऑइल आत येतंय, आणि नवा प्लग टाकून तो आजार बरा होणार नाही. हे कस्टमरला स्पष्ट सांगा. पण एक लक्षात ठेवा, जुन्या प्लगवरचा नंबरही डोळे झाकून द्यायचा नाही. आधीच्या माणसाने चुकीचा टाकला असेल तर? मॅन्युअलशी जुळवून बघा.

"थंड प्लग टाका, टर्बो आहे ना"

हा सल्ला आजकाल फार ऐकू येतो. माझं मत स्पष्ट आहे: गाडी कंपनीतून आली तशीच असेल, तर हीट रेंज बदलून विकू नका.

आपल्या रत्नागिरीच्या गाडीचं रोजचं चालणं बघा. मारुती मंदिर ते जयस्तंभ, शाळा, बाजार, परत घर. इंजिन नीट तापायच्या आत बंद. जास्त थंड प्लग टाकलात तर तो काजळी धरेल आणि सकाळी गाडी मिसिंग मारेल. तीच गाडी शनिवारी पाच माणसं, सामान आणि एसी घेऊन साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढते. तिथे टर्बो पूर्ण दाबावर असतो. कंपनीने दिलेली हीट रेंज या दोन्ही कामांचा विचार करून ठरवलेली असते. रिमॅप करून टर्बोचा दाब वाढवला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ज्याने रिमॅप केलं त्यालाच विचारायला सांगा.

गॅपचंही तसंच. गॅप मोठा राहिला तर गाडी गावात बरी चालते आणि घाटात, दाब वाढला की ठिणगी विझून झटके देते. कॉइलवरही ताण येतो. मग "कॉइल गेली" म्हणून कॉइल बदलली जाते, थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. कस्टमरचे पैसे जातात आणि तुमच्या दुकानाचं नाव खराब होतं.

इरिडियम विकावा की नाही?

मार्जिन इरिडियममध्ये जास्त असतं, म्हणून मोह होतो. इरिडियम सुमारे २,४४६ अंशांना वितळतं, निकेल सुमारे १,४५५ अंशांना. त्यामुळे इरिडियमचं टोक बारीक ठेवता येतं, ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये उडते आणि गॅप लवकर वाढत नाही. टर्बोत याचा खरा उपयोग आहे. मॅन्युअलमध्ये इरिडियम किंवा प्लॅटिनम लिहिलं असेल तर "साधा चालतो की" म्हणून निकेल देऊ नका.

पण मॅन्युअलमध्ये निकेल असेल, तर "इरिडियमने पॉवर वाढेल, अ‍ॅव्हरेज वाढेल" असं सांगून विकणं मला पटत नाही. चांगल्या स्थितीतल्या इंजिनात असा मोठा फरक पडत नाही. "प्लग जास्त दिवस टिकेल" हे खरं आहे, तेवढंच सांगा. कस्टमरने ऐकून घेतला तर आनंदाने विका.

बसवणाऱ्या मेकॅनिकलाही दोन शब्द सांगा. इंजिन थंड असताना प्लग बदला. आधी हाताने फिरवून आटे बसवा, मग टॉर्क पान्याने कंपनीच्या मापाने आवळा. इरिडियमचं मधलं टोक गेज घालून उचकटू नका, ते तुटतं. टॉर्क पाना सगळ्या गॅरेजमध्ये नसतो. दुकानात एक ठेवा आणि नेहमीच्या मेकॅनिकला वापरायला द्या. जाहिरातीपेक्षा हा खर्च लवकर वसूल होतो.

बिलाशिवाय माल नको

नवीन दुकान उघडलं, की कोणीतरी बॅग घेऊन येतोच. तीच डबी, तेच नाव, भाव निम्मा, बिल नाही. इथे नीट ऐका. ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट, १९९९ च्या कलम १०४ प्रमाणे खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणाराही गुन्हेगार ठरतो. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. "मी बनवला नाही, फक्त विकला" एवढं म्हणून सुटका नाही. योग्य ती काळजी घेतली होती आणि माल कोणाकडून घेतला, हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. ते दाखवणारा कागद म्हणजे खरेदीचं बिल.

२२ सप्टेंबर २०२५ पासून प्लगवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. बिल टाळण्याचं जे कारण लोक सांगायचे, तेही आता कमी झालंय. अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडूनच घ्या. डबी उघडून बघा: चिनी मातीवरची छपाई पुसट आहे का, मधलं टोक बरोबर मध्ये आहे का, आटे साफ आहेत का.

पण गिऱ्हाईक निघून गेलं तर?

हा प्रश्न रास्त आहे. "एवढं विचारतोस कशाला, देतोस की जाऊ?" असं म्हणणारा माणूस भेटतो. काही जण जातात. पहिल्या वर्षी दुकानाचं भाडं डोक्यावर असताना गेलेलं गिऱ्हाईक बोचतं, हे मला माहीत आहे.

तरी हिशोब करून बघा. समजा, एका सेटमागे तुम्हाला २०० रुपये सुटतात. अंदाजाने दिलेला एक सेट वापरून परत आला, तर कंपनी तो घेत नाही. समजा, त्यात तुमचे १,५०० रुपये अडकले. म्हणजे साडेसात सेटची कमाई एका अंदाजात गेली. गॅरेजवाल्याने तुमच्याकडे येणं बंद केलं, तर त्याच्या मागची दहा-वीस गाड्यांची गिऱ्हाइकी गेली. ती या हिशोबात धरलेलीच नाही.

ऑनलाइन स्वस्त मिळतं, हेही खरं. त्या किमतीशी तुम्ही भांडू शकणार नाही. पण जुना प्लग हातात घेऊन "तुमच्या इंजिनात ऑइल येतंय, आधी ते बघा" असं ऑनलाइनवाला सांगत नाही. ते तुम्ही सांगू शकता.

म्हणून माझा सल्ला: सगळ्या कंपन्यांचे प्लग भरून कपाट सजवू नका. आधी महिनाभर तुमच्या भागातल्या चार गॅरेजांत जाऊन कुठल्या टर्बो गाड्या येतात ते वहीत लिहा. सगळ्यात जास्त येणाऱ्या पाच-सहा इंजिनांचे बरोबर नंबर काढा, त्यांचेच दोन-दोन सेट ठेवा. बाकीचे ऑर्डरवर मागवा आणि कस्टमरला खरा दिवस सांगा. ही वही म्हणजे तुमचं पहिलं भांडवल.

आणि नंबर सापडेपर्यंत "थांबा, बघून सांगतो" म्हणायला लाजू नका. गिऱ्हाईक दहा मिनिटं थांबेल, नाहीतर जाईल. चुकीचा प्लग घेऊन गेलेला मात्र परत येईल, आणि तो खरेदीला आलेला नसेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. वही आजच घ्या.